चौकडीचं सुतक

आमच्या घरात रोज सकाळी दोन पंचांगं वाचली जात. पहिलं नानांचं. अंघोळ करून, ओल्या पंच्याने पाठ पुसत नाना ओटीवर येत, खुंटीवरचं पंचांग काढत आणि आत चुलीपाशी बसलेल्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात तिथी, वार, नक्षत्र सांगत. ते अलिबागच्या कोर्टात शिरस्तेदार होते, त्यामुळे 'आज संकष्टी' एवढे दोन शब्दसुद्धा साक्षीदाराच्या नावाचा पुकारा केल्यासारखे बाहेर पडायचे. आई आतून 'हं' म्हणायची. मग दुसरं पंचांग. माझी मोठी बहीण सुलभा, म्हणजे आमची ताई, चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि तेवढ्याच गंभीरपणे सांगायची, "आणि आजच्याच दिवशी, चिखलात बसून लाखो पोरांनी ऐकलेली ती मोठी मैफल सुरू झाली." नाना पंचांग परत खुंटीला अडकवत विचारायचे, "चिखलात का? सतरंज्या नव्हत्या?" ताई म्हणायची, "पाऊस होता." "मग मंडप घालायचा," नाना म्हणायचे. "चौलच्या दत्ताच्या जत्रेला आपण घालतो ना?" त्यांच्या दृष्टीने जगातली कुठलीही अडचण ही मुळात नियोजनाची अडचण होती.

हे दिनविशेष ताईला कळायचे ते रेडिओवरून. समुद्र आमच्या वाडीच्या मागेच, आणि संध्याकाळ झाली की शॉर्टवेव्हवर कुठली कुठली स्टेशनं पाण्यावरून चालत आल्यासारखी स्वच्छ ऐकू यायची. त्यातल्या एका स्टेशनवरचा निवेदक रोज उद्याचा दिवस सांगायचा. रॉकच्या दुनियेत उद्याच्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली रेकॉर्ड निघाली, कुठला बँड भांडून फुटला. ताई रेडिओला कान लावून ते ऐकायची आणि सकाळी आम्हाला वाढायची. हल्ली माझ्या मोबाईलवर रोज सकाळी कशाची ना कशाची पन्नाशी येऊन पडते. अमुक रेकॉर्डला पन्नास वर्षं, तमुक गिटारला साठ. माझ्या वयाच्या, गुडघे बदलून घेतलेल्या बायकासुद्धा त्याखाली टाळ्यांची चित्रं टाकतात. मला मनातल्या मनात हसू येतं. नागावच्या एका सुपारीच्या वाडीत, कांद्याच्या घावनाबरोबर, आम्ही हे सगळं आधीच साजरं करून बसलो होतो.

ताई दोन वर्षं मुंबईला मावशीकडे राहून शिकली आणि परत येताना एक जुना रेकॉर्ड प्लेअर, मूठभर रेकॉर्डी आणि एक भलंमोठं चित्र घेऊन आली. चित्रात चार माणसं होती. चौघांचेही केस खांद्यापर्यंत, चौघांचीही तोंडं आत्ताच उठवल्यासारखी. बँडचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते घरात कोणाच्याही जिभेवर बसेना. आईने त्यांना 'ते बैरागी' म्हणायला सुरुवात केली, पण नानांनी 'चौकडी' म्हटलं आणि तेच रूढ झालं. चित्र ओटीवर लावायला आईचा विरोध होता. "येणाराजाणारा विचारील, हे कोण तुमचे?" ती म्हणायची. नानांनी मात्र चष्मा लावून चौघांना एकेक करून तपासलं आणि निकाल दिला, "चेहरे प्रामाणिक आहेत. लावा." खिळासुद्धा त्यांनीच ठोकला. मला वाटतं, मुलगी मुंबईहून काहीतरी घेऊन आली, हात हलवत परत आली नाही, याचाच त्यांना मनातून अभिमान वाटत होता.

त्या चौकडीची एक रेकॉर्ड ताईची जीव की प्राण. सुरुवातीला नुसता ढोल, मग एक गिटार कुठूनतरी लांबून कण्हत यायची आणि मग एकदम सगळे मिळून असे तुटून पडायचे की माळ्यावरची उंदरं पळत सुटायची. वाडीला पाणी सोडायला पंप चालू केला की व्होल्टेज पडायचं, प्लेअर मंदावायचा आणि गाणाऱ्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा जाड व्हायचा. ताई ओटीवरून ओरडायची, "नाना, पंप!" आणि नाना वाडीतून ओरडायचे, "त्यांना म्हणावं, झाडांना पाणी मिळाल्यावर गा!" मला स्वतःला त्या गाण्यातलं फारसं कळत नव्हतं. पण पाटातून खळखळत जाणारं पाणी, आईचं वाल सोलणं आणि तो जाड झालेला, दमलेला, परदेशी आवाज हे सगळं माझ्या मनात असं एकत्र कालवलं गेलंय की आजही कुठे बिरड्याची फोडणी बसली की मला गिटार ऐकू येते. हे मी कोणाला सांगत नाही. या वयात लोक लगेच डॉक्टरचं नाव काढतात.

त्या हिवाळ्यात माणगावचं स्थळ आलं. मुलगा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर, नाव प्रभाकर. वडील अप्पासाहेब, बाजारपेठेत कापडाचं दुकान, घर वजनदार. बघण्याचा कार्यक्रम आमच्या ओटीवर झाला. पोहे झाले, चहा झाला, आणि अप्पासाहेबांची नजर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या प्लेअरवर गेली. "हे कोण वाजवतं?" "मी," ताई म्हणाली. "वा. संगीताची आवड चांगली. लावा बरं काहीतरी." ताईने नानांकडे पाहिलं. नानांनी कौतुकाने मान हलवली. कोर्टात चाळीस प्रकारची खोटी माणसं पाहिलेला हा गृहस्थ घरात मात्र इतका भोळा, की अप्पासाहेबांना अभंग अपेक्षित असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ताईने चौकडी लावली. ढोलापर्यंत ठीक होतं. मग सगळे तुटून पडले आणि अप्पासाहेबांच्या दाताखालची सुपारी तिथेच थांबली. त्यांच्याबरोबर आलेले काका छताकडे बघू लागले. आई पदराआड. आमच्या त्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ढोल जोरात आला की टेबल डुगडुगायचं आणि पिन उडायची. तशी ती उडाली, पुन्हा उडाली. तेव्हा प्रभाकर उठले, खिशातून कसलातरी कागद काढला, त्याची चौपट घडी घातली, वाकून टेबलाच्या पायाखाली सारली आणि हाताने टेबल हलवून पाहून पुन्हा जागेवर येऊन बसले. पिन उडायची थांबली. ताईने त्या क्षणी त्यांच्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. घरात त्यानंतर कोणीही 'मुलगा पसंत आहे का' असं तिला विचारलं नसतं तरी चाललं असतं.

आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी पसंत. देण्याघेण्याचा आग्रह नाही. फक्त ते यंत्र आणि ते चित्र माहेरीच ठेवावं, आमच्या घरात असलं वाजणार नाही. नानांनी हे जेवताना सांगितलं आणि सांगून झाल्यावर ताटातली कोशिंबीर उगाच इकडची तिकडे करत बसले. ताई म्हणाली, "बरं." एवढंच. मी तिच्या शेजारी बसले होते. ती भांडली असती, रडली असती, ताटावरून उठली असती तर मला बरं वाटलं असतं. ते 'बरं' मला कितीतरी दिवस टोचत राहिलं. तिला प्रभाकर हवे होते आणि तिला चौकडीही हवी होती, आणि त्या काळात मुलीने एका वेळी दोन गोष्टी मागणं म्हणजे अगदीच डोक्यावर बसणं. आई रात्री म्हणाली, "लग्नानंतर पोरंबाळं झाली की विसरेल." दुसऱ्या दिवशी पंचांग वाचून झाल्यावर नाना ताईच्या दिनविशेषासाठी थांबले, पण ती बाहेर आलीच नाही.

बोलणी पक्की करायला माणगावची मंडळी एका रविवारी येणार असं ठरलं. आणि योग असा की त्याच तारखेला चौकडीच्या त्या रेकॉर्डला दहा वर्षं पुरी होत होती. रेडिओवाल्याने आदल्या संध्याकाळी तसं सांगितलं. ताई स्वयंपाकघरात आली आणि आईला म्हणाली, "उद्या सकाळी मी ती रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा लावणार. मग झाकण बंद. दुपारी पाहुणे येतील तेव्हा तुम्ही खुशाल माळ्यावर टाका." आईला रॉकमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाढदिवस कळत होता. वाढदिवस म्हटला की तिच्यापुढे सगळे सारखे. ती म्हणाली, "दहा वर्षं म्हणजे काही कमी नाही. शिरा करू. आणि औक्षण कोणाचं करायचं? चौघांचंही?"

सकाळी ताईने डोक्यावरून पाणी घेतलं. केस मोकळेच सोडले. दसऱ्याला आम्ही कोयत्याची, खुरप्याची, पंपाची पूजा करायचो तशी तिने प्लेअरला हळदकुंकू वाहिलं आणि वाडीतल्या झेंडूंचा हार करून त्याला घातला. आईने निरांजन लावून खरोखरच त्या डब्याला ओवाळलं, उदबत्ती लावली, शिऱ्याची वाटी दाखवली. मग अडचण आली. हार घातलेला असताना रेकॉर्ड फिरेना, झेंडू तबकडीला घासायचे. आईने हार उचलला. ताजा हार, तो काही खाली ठेवायचा नाही, म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि जो खिळा समोर दिसला त्याला अडकवला. तो खिळा चौकडीच्या चित्राचा. निरांजन आणि उदबत्ती प्लेअरशेजारी नको, ठिणगी पडेल, म्हणून तीही चित्राखालच्या फळीवर सरकवली. एवढं करून आई वालाच्या बिरड्याकडे गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण वाल करपत होते.

रेकॉर्ड संपली. ताईने पिन उचलली नाही. तबकडी नुसतीच खरखर करत फिरत राहिली आणि ताई तिच्यासमोर जमिनीवर गुडघे उराशी घेऊन, केस मोकळे टाकून बसली होती. आता तिचे डोळे वाहत होते. मी दारात उभी होते, मला पुढे होववेना. नेमकी त्याच वेळी कोळीवाड्यातली हिराबाई डोक्यावर पाटी घेऊन अंगणात आली. पाहुण्यांसाठी आईने तिला पापलेटं आणायला सांगितलं होतं. ती नेहमीसारखी "म्हावरा आणलाय गो" अशी हाक मारणार, तेवढ्यात तिला आतलं दिसलं. हार, निरांजन, उदबत्ती आणि मोकळ्या केसांची रडणारी पोर. हिराबाईने हाक गिळली. रविवार म्हणून दाढी न केलेले नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यापाशी जाऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "कवा गेला, शिरस्तेदार?"

नानांना वाटलं, ती नारळ पाडायला येणाऱ्या धोंडूबद्दल विचारतेय. तो पहाटे येऊन, नारळ उतरवून गेला होता. "आत्ताच, उजाडायला गेला," नाना म्हणाले. "घाईत होता. चहासुद्धा घेतला नाही."

"अरं देवा! आजारी व्हता का?"

"छे, छे. चांगला धडधाकट. सरसर वर चढला."

हिराबाईने आभाळाकडे पाहून हात जोडले. "चांगला मरन आला म्हनायचा. वय काय व्हता?"

शेवटचा प्रश्न नानांच्या कानात नीट शिरला, त्याआधीचं वाक्य नाही. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, हे त्यांनी जन्मभर कोर्टापासून लपवलं. "तिशीबत्तिशीचा असेल," ते म्हणाले.

"येवढा कोवळा!" हिराबाईने पदर तोंडाला लावला, पाटी उचलली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. नाना घरात येऊन आईला म्हणाले, "हिराबाई आली होती. मासे न देताच गेली. आणि धोंडूचं वय विचारत होती. मुलीसाठी बघत असेल."

पुढच्या तासाभरात आमच्या घरात ज्या गोष्टी घडल्या त्यांचा अर्थ आम्हा कोणालाही लागेना. शेजारच्या कमलकाकू मागच्या दाराने आल्या, झाकलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. पातेल्यात पिठलंभात. आई गहिवरून म्हणाली, "आज पाहुणे यायचेत म्हणून मदत केली बिचारीने. पण पाहुण्यांना पिठलं?" मग तिच्या लक्षात आलं, काकू जाताना 'येते' म्हणाल्या नाहीत. आईला ते फार लागलं. मग पलीकडचे दोघे म्हातारे येऊन नानांच्या शेजारी गप्प बसले, जमिनीकडे बघत. नानांनी त्यांना सुपारीच्या भावाबद्दल विचारलं तर एकाने नुसताच त्यांचा हात दाबला. तेही न सांगता उठून गेले. दुःख झालेल्या घरी पिठलंभात न्यायचा असतो आणि तिथून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत, पण आपल्या घरात दुःख झालंय हे आम्हालाच माहीत नव्हतं. नाना म्हणाले, "गावात काहीतरी बिनसलंय. आपल्याला वाळीत टाकलं की काय?"

आणि मग प्रभाकर आले. एकटेच. फाटकाशी वहाणा काढल्या आणि तापलेल्या वाटेने अनवाणी चालत ओटीवर आले. बरोबर अप्पासाहेब नाहीत, काका नाहीत, हातात फक्त एक पिशवी. नाना लगबगीने उठले, "या, या" म्हणाले. प्रभाकरनी नमस्कार केला नाही. आईने पाणी आणलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. खाली मान घालून सतरंजीच्या कडेला बसून राहिले. स्थळ मोडलं, दुसरा काय अर्थ असणार? ताई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. मला आठवतंय, त्या क्षणी मला त्या चौकडीचा जीवघेणा राग आला होता. मला वाटलं, यांच्यापायी माझ्या बहिणीचं मातेरं झालं.

मग प्रभाकर म्हणाले, "अप्पा स्टँडवर थांबलेत. सुतकात बोलणी नकोत म्हणाले, ते बरोबरच आहे. रोह्याची गाडी येईपर्यंत मी भेटून येतो म्हटलं." मग अगदी हळू, "कोण गेलं?"

"कुठे?" नाना म्हणाले.

प्रभाकरनी भिंतीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आईने "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. प्रभाकर मात्र त्या चित्राकडे बघतच राहिले होते, आणि त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. ते म्हणाले, "चौघंही? एकदमच?"

ताई हसली. चौकटीला धरून, आधी नाकातून, मग तोंड दाबून आणि मग काही दाबायचं राहिलंच नाही. हसता हसता खाली बसली. मग मी, मग आई. नाना मात्र हसले नाहीत. ते हिराबाईशी झालेलं बोलणं मनात एकेक वाक्य करून तपासत होते. "म्हणजे मी साक्ष दिली," ते म्हणाले. "तिशीबत्तिशीचा, सरसर वर गेला. अरे देवा." प्रभाकरना सगळं समजावून सांगायला आम्हाला तिघींनाही बोलावं लागलं. दहा वर्षं, शिरा, हार, खिळा, धोंडू. ते शांतपणे ऐकत होते. ओव्हरसियर माणूस, काम कुठे चुकलं ते समजून घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "पण मग तुम्ही रडत का होता? स्टँडवर हिराबाई सांगत होती, पोर ऊर फुटून रडतेय."

ताई म्हणाली, "शेवटची लावली होती म्हणून."

"शेवटची का?"

तेव्हा आम्हाला कळलं, माणगावहून आलेला तो निरोप यांना ठाऊकच नव्हता. नानांनी सांगितला. प्रभाकर उठले, प्लेअरपाशी गेले, टेबल हलवून पाहिलं, पायाखालची त्यांची घडी अजून तिथेच होती. "मला लावून दाखवता?" ते म्हणाले. ताईने लावली. या वेळी नानांनी स्वतः जाऊन पंप बंद केला. प्रभाकर सगळी रेकॉर्ड मांडी घालून ऐकत बसले, दोन्ही बाजू, मधे एकदाही हललेसुद्धा नाहीत. संपल्यावर म्हणाले, "मला यातलं काहीही कळलं नाही." ताईचा चेहरा पडला. "पण अजून ऐकायला लागेल असं दिसतंय."

ताई उभी राहिली. तिने केस बांधले. "नाना," ती म्हणाली, "मी 'बरं' म्हटलं होतं ते खोटं होतं. आज अख्खं गाव या चौकडीसाठी रडून गेलं तेव्हा मला कळलं. मी एकीकडे लग्न ठरवत होते आणि एकीकडे जिवंत माणसांना पोचवत होते. मला हे नाही जमायचं. मी अप्पासाहेबांना तसं सांगून येते." नाना म्हणाले, "तू कशाला? मी जातो." प्रभाकर म्हणाले, "मी सांगतो." ताई म्हणाली, "बोलणं माझं आहे." आणि चपला घालून निघालीसुद्धा. तिच्यामागून प्रभाकर, नाना, आणि मी.

आमचा स्टँड म्हणजे एक पिंपळ, त्याचा पार आणि चहाचं हॉटेल. अप्पासाहेब आणि काका पारावर बसले होते. आम्हाला असे लगबगीने चालत येताना पाहून अप्पासाहेब उभे राहिले, बाईमाणसाने सुतकात रस्त्यावर यावं हे त्यांना पटलं नसावं. नानांनी आधी सुतक नाही हे सांगितलं, झाला घोटाळा सांगितला. अप्पासाहेबांच्या ओठांच्या कडेला हसू आलंसुद्धा. मग ताई बोलली. "अप्पा, तुमच्या घरच्या सगळ्या रीती मी शिकेन. तुम्ही सांगाल तो स्वयंपाक करीन. पण ते यंत्र मी बरोबर आणणार. दार लावून वाजवीन, हळू वाजवीन. पण ते इथे ठेवून आले तर तुमच्याकडे मी अर्धीच येईन, आणि अर्ध्या मुलीला घेऊन तुम्ही तरी काय करणार?"

हॉटेलातली बशीत चहा ओतणारी माणसं थांबली. अप्पासाहेबांचं हसू गेलं होतं. ते ताईकडे बघत नव्हते, नानांकडे बघत होते. "शिरस्तेदार, मुलगी स्टँडवर उभी राहून सासऱ्याला अटी घालते. तुमचं यावर म्हणणं काय?"

नानांना चारचौघांतली शोभा कधी खपायची नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "माझं म्हणणं असं की ती खरं बोलली," ते म्हणाले. "मागच्या वेळी बोलली नव्हती."

तेवढ्यात रोह्याची गाडी आली. काकांनी आधी चढून जागा धरली, मग अप्पासाहेब चढले आणि खिडकीशी बसून समोर बघू लागले. गाडी गच्च भरली होती, कोणी पाट्या वर टाकत होतं, कोणी कोंबड्या. प्रभाकर दारापाशी उभे होते, एक हात दांडीवर. ताई पिंपळाखाली तशीच उभी होती. तिने त्यांना हाक मारली नाही, मानसुद्धा वर केली नाही. तिला जे मागायचं होतं ते ती मागून बसली होती, आता तिच्या हातात काही नव्हतं.

कंडक्टर दारातून बाहेर झुकला. "ओ पाव्हणं, येताय का ऱ्हाताय?"

प्रभाकरनी आत, खिडकीशी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. मग दांडीवरचा हात काढला.

"राहतोय," ते म्हणाले.

घंटी झाली. गाडी चौलच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत कोणी हललं नाही. मग नाना पुढे झाले आणि मुलीच्या बापाने व्याह्याच्या घरची पिशवी उचलावी तशी त्यांनी प्रभाकरच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. "चला, जावईबापू," ते म्हणाले, "घरी पिठलंभात आहे."